दुसऱ्याच्या हातचा टाका: भरतकामाच्या हौसेतून सुरू झालेलं काम

उलटीबाजू:

इथल्याच मागच्या एका चर्चेच्या धाग्यावर दोघी-तिघींनी विचारलं होतं, नोकरी सोडून तू नक्की करतेस काय? तिथे अवांतर नको म्हणून इथे लिहिते. लांबलंय, आधीच सांगते.

मी हिशेबतपासणीतली. व्हाउचर, शेरे, ताळा. सुई मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून हातात आहे. शाळेत शिवणाच्या तासाला रुमालाच्या कोपऱ्यावर देठ टाका शिकवला, तेव्हापासून ती सुटलीच नाही. बाकीच्या मुली तास कधी संपतो म्हणून घड्याळाकडे बघायच्या, मी घरी जाऊन तेच टाके उसवून पुन्हा घालत बसायचे. पुढे नोकरी, संसार सगळं झालं, पण पर्समध्ये छोटी रिंग आणि सुयांची डबी कायम. आता पोटही त्यावरच चालतं. मात्र स्वतः रचलेली नक्षी मी विकत नाही. लोकांच्या कपाटांत अर्धवट राहिलेले, झिजलेले भरतकामाचे तुकडे असतात, ते मी पुरे करते किंवा सावरते.

आधी विचार केला होता तो सगळ्या जणी करतात तोच: वस्तू करायच्या आणि विकायच्या. पण सवयीने कागदावर मांडून पाहिलं. फुलीच्या टाक्यासाठी चौकटी-चौकटींचं आयडा कापड मिळतं. ते १४ काउंटचं म्हणजे इंचाला १४ घरं, घरात एक फुली, चौरस इंचात १९६ फुल्या. १०० बाय १०० घरांचं चित्र जेमतेम सात इंचांचं होतं आणि त्यात १०,००० फुल्या बसतात. हात बसलेली बाई तासाला दीडशे फुल्या घालते असं धरा. झाले सदुसष्ट तास. रंग बदलणं, शेवट मागे खोवणं, धुणं, इस्त्री, चौकट हे वेगळंच. तेच चित्र त्याच मापात १८ काउंटवर घेतलं तर चौरस इंचात ३२४ फुल्या, म्हणजे काम दीडपटीच्याही वर. आणि गिऱ्हाईक ते तोलणार मशीनवर निघालेल्या कापडाशी, कारण लांबून दोन्ही सारखीच दिसतात. ज्यांचं बरं चाललंय अशा माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणी नमुने विकतात किंवा शिकवतात. मला दोन्हीचा उत्साह नव्हता.

अशात ओळखीच्या एक बाई सासूबाईंचा टेबलक्लॉथ घेऊन आल्या. वेलीची किनार तीन बाजूंना पुरी, चौथीला नुसती निळी रेघ. एवढी एक बाजू भरून देशील का? दोन पदरी देठ टाका, हिरवा दोरा, त्यात काय, असं वाटलं. पण माझी ओळ त्यांच्या ओळीशेजारी बसेना. त्यांच्या वेलीचा पीळ एकीकडे झुकलेला, माझा दुसरीकडे. कापड उलटं केलं, दोरा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते शोधलं. त्यांची ओळ उजवीकडून डावीकडे गेली होती. बाई डावखुऱ्या होत्या! उजव्या हाताने देठ टाका घालताना आपण डावीकडून उजवीकडे जातो आणि दोरा सुईच्या खालच्या अंगाला धरतो. डावखुऱ्या हाताचा तिरपा बरोबर उलटा पडतो. मी दोरा सुईच्या वरच्या अंगाला धरला, बाकी काही बदललं नाही, आणि ओळ जुळली. सुनेला विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘हो, डावऱ्याच होत्या. तुला कुणी सांगितलं?’

माझं काम तिथून सुरू झालं. ज्यांना भरतकामाची मनापासून आवड असते त्यांना स्वतःचं काहीतरी करायचं असतं. दुसऱ्याच्या हाताला हात जुळवून, आपली खूण न उमटवता चार वीत भरायला फार कुणी तयार नसतं. मला तेच आवडतं असं निघालं.

कापड आलं की मी आधी पाठ वाचते. गाठ मारली आहे की टोक खोवलं आहे, एका फुलावरून दुसऱ्यावर दोरा केवढी उडी मारतो, पदर किती, ताण घट्ट की सैल, फुलीतला वरचा टाका सगळीकडे एकाच दिशेला आहे का. पाठीला ऊन लागलेलं नसतं, त्यामुळे मूळ रंगही तिथेच सापडतो. समोरून फिकट गुलाबी दिसणारं फूल मागे चांगलं डाळिंबी असतं. हे सगळं लिहून, दोन्ही बाजूंचे फोटो काढून मगच सुई लावायची. ही सवय ऑडिटची, आणि या कामात ती भरतकामाहून जास्त उपयोगी पडली असं मी म्हणेन.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

अबोली७:

उलटीबाजू, काय लिहिलंयस! डावखुऱ्या सासूबाई फार आवडल्या. एक शंका. जुन्या दोऱ्याचा नंबर माहीत नसतो, लडीचं लेबल कधीच गेलेलं. मग रंग कसा जुळवतेस? आणि उन्हाने उडालेल्या रंगाशी जुळवायचं की पाठीवरच्या?

उलटीबाजू:

अबोली, उडालेल्याशी. पाठीवरचा रंग घेतला तर नवा भाग ओरडतो. काम बघणाऱ्याला आधी भरलेली तीन बाजूंची वेल दिसली पाहिजे, माझी नाही. फक्त मूळ रंग कुठला होता ते नोंदीत लिहून देते.

जुळवताना दोरा लडीत बघून उपयोग नाही. भरल्यावर तो वेगळाच दिसतो. त्याच जातीच्या कापडाच्या कपट्यावर चार टाके घालून दिवसाउजेडी शेजारी ठेवायचा. बाजारातली सुती लडी सहा पदरी, आठ मीटरची असते. दोन छटांच्या मध्ये रंग अडकला असेल तर सुईत दोन्हींचा एकेक पदर ओवायचा. निम्म्याहून जास्त वेळा यातच काम भागतं. पदर मात्र एकेक करून सुटे काढायचे आणि मग जोडायचे. दोन पदर एकदम ओढले की ते एकमेकांत पीळ घेतात आणि टाका गोल बसतो, पसरत नाही. नमुना म्हणून हे एकदा करून बघच, सॅटिन टाक्यात, म्हणजे लांब टाके शेजारीशेजारी घालून भरतो त्यात, फरक लगेच दिसेल.

जुना खांब:

चांगलं लिहिलंय, पण जरा बेसूर बोलतो. हौसेचा धंदा केला की हौस मरते. आमची बहीण क्रोशाचं इतकं सुंदर करायची की लोक थांबून बघायचे. ऑर्डरी घ्यायला लागली, आणि दोन वर्षांनी सुई बघितली तरी वैतागायची. आता नोकरी करते आणि संध्याकाळी टीव्ही बघते. सगळ्याच गोष्टींना बाजारात न्यायला हवं असं काही आहे का?

उलटीबाजू:

खांबकाका, नाही, अजिबात नाही. बहिणीला सांगा की मलाही एकाच नमुन्याचे चाळीस रुमाल करायला लावले असते तर मीही पळाले असते. माझ्याकडे येणारं प्रत्येक कापड वेगळ्या बाईचं असतं. स्वतःचं एक भरतकाम वेगळ्या रिंगवर चालू आहे, ते कुणाला देणार नाही, विकणार नाही, त्याला तारीख नाही. काही जणींना अशी सोय करून जमतं, काहींना नाही.

आरीवाली:

मी याच कुटुंबातली पण घर वेगळं, म्हणून लिहिते. हाताने आरीकाम, म्हणजे आकडीच्या सुईचं भरतकाम, करायचे, आता मशीनसाठी डिजिटायझिंग करते. म्हणजे चित्रावरून मशीनला टाक्यांची फाइल करून द्यायची. बऱ्याच जणांना वाटतं की चित्र सॉफ्टवेअरमध्ये टाकलं की झालं. आपोआप निघालेली फाइल कापडावर काढून बघा, गोल काढलाय तिथे अंडं येतं. टाका ज्या दिशेने जातो त्या दिशेने कापड आत ओढलं जातं, म्हणून त्या बाजूला आकार मुद्दाम थोडा जाड ठेवावा लागतो. खाली आधाराचे टाके, म्हणजे अंडरले, कुठल्या दिशेने घालायचे तेही ठरवायचं असतं. नेहमीच्या ४० नंबरच्या दोऱ्याला सॅटिनमध्ये दोन ओळींत ०.४ मिमी अंतर ठेवतात. पट्टा सात-आठ मिमीच्या पुढे रुंद झाला की टाके सैल पडून अडकतात, मग तो मध्ये तोडावा लागतो.

आता यातलं काय नवं आहे सांगा? हाताने सॅटिन भरणारीला हे सगळं माहीतच असतं. रुंद पाकळी एका टाक्यात भरू नये, मधे शीर काढावी, खाली धावदोऱ्याचा भराव द्यावा. माझ्याबरोबर शिकणाऱ्या मुलांना संगणक माझ्यापेक्षा दसपट चांगला येत होता, पण पाकळी कुठून सुरू करायची ते त्यांना कळत नव्हतं. त्यामुळे ज्यांचे डोळे किंवा मनगट आता साथ देत नाही, त्यांनी हा रस्ता जरूर बघावा. हातातली विद्या फुकट जात नाही.

अबोली७:

आरीवाली, यावर वेगळं लिही ना!

टीपकागद:

मी वस्त्रजतनाच्या क्षेत्रात आहे, त्यामुळे थोडं खडूस वाटेल. उलटीबाजू करतात ते चांगलंच आहे, पण वाचणाऱ्यांसाठी एक भेद सांगून ठेवतो. घरातली वस्तू वापरात आणण्यासाठी पुरी करणं वेगळं आणि जुनी, दुर्मीळ वस्तू आहे त्या अवस्थेत टिकवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात आम्ही गेलेला भाग भरतच नाही. खाली आधाराचं कापड ठेवून सुटलेले धागे बारीक टाक्यांनी जागच्या जागी बसवतो, आणि ते टाके पुढे कुणालाही काढता आले पाहिजेत.

घरी एवढं तरी पाळा. जुनं भरतकाम आलं की लगेच धुवायला काढू नका. प्रत्येक रंगावर ओला कापूस पांढऱ्या टीपकागदासह टेकवून रंग सुटतो का बघा, सगळ्या रंगांवर, कारण लाल सुटतो आणि हिरवा नाही असं सर्रास होतं. जरीला चकाकी आणायला पॉलिश लावू नका. काळ्या आणि गडद तपकिरी धाग्यांना हात लावताना जास्त जपा. जुन्या पद्धतीत हे रंग लोहयुक्त क्षारांनी पक्के करत, आणि तेच लोह धाग्याला खातं. म्हणून कित्येक जुन्या कामांत बाकी सगळं शाबूत असतं आणि नेमकी बाह्यरेषा गळून गेलेली असते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडचं रेशीमही तसंच. वजन वाढवायला त्यात धातूंचे क्षार भरत, ते आता घडीवर चिरतं. उजेडाने झालेलं नुकसान साठत जातं आणि परत भरून येत नाही. संग्रहालयं कापडावर साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर उजेड पडू देत नाहीत. घरातली उन्हाची खिडकी त्याच्या कितीतरी पट असते.

निरुत्तर:

टीपकागद म्हणतात त्याच्या जवळचं काहीतरी मला वाटतंय, पण मला तांत्रिक काही कळत नाही. आईचा एक मोठा पडदा आहे, निम्मा भरलेला. भाऊ म्हणतो पुरा करून घेऊ, वापरात येईल. मला नको आहे. ती जिथे थांबली ते मला दिसलं पाहिजे. उलटीबाजू, तुमच्याकडे असं कुणी येतं का? तुम्ही नाही म्हणता का कधी?

उलटीबाजू:

निरुत्तर, हो, येतात. बऱ्याचदा घरात दोन मतं असतात आणि कापड घेऊन आलेल्या माणसाला ती माहीत असतात. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, हे कुणाकुणाचं आहे आणि सगळ्यांना विचारलंय का. नसेल तर परत पाठवते. टाका घातल्यावर उसवता येतो हे खरं, पण जुन्या कापडात सुईची भोकं राहतात आणि उसवताना कापड दुखावतं.

पुरं करायचं ठरलं तर जोडावर, पाठीमागे, वेगळ्या रंगाचे तीन आडवे टाके घालते. समोरून काही दिसत नाही. कापड उलटं केलं की कळतं, इथवर आई, इथून पुढे मी. उरलेला दोराही परत करते.

टीपकागद:

ही तीन टाक्यांची खूण पटली. आमच्या क्षेत्रात याचं मोठं उदाहरण म्हणजे फ्रान्समधली बायोची पट्टी. टेपेस्ट्री, म्हणजे विणून काढलेलं चित्र, म्हणतात, पण आहे ते भरतकाम, लिननवर लोकरीचं, अकराव्या शतकातलं, सुमारे ७० मीटर लांब. एकोणिसाव्या शतकात त्यावर बरीच डागडुजी झाली, आणि कुठले टाके मूळचे हे शोधायला पुढच्या अभ्यासकांना पाठ उलटून बघावी लागली. तिचा शेवट हरवलेला आहे. २०१२-१३ च्या सुमारास इंग्लिश खाडीतल्या ऑल्डर्नी बेटावरच्या लोकांनी तो शेवट कसा असेल ते कल्पून भरला, पण वेगळ्या कापडावर. मूळ पट्टीला सुई लावली नाही. निरुत्तर, तुमच्या भावाला हा पर्याय सांगून बघा. तसाच दुसरा पडदा नवा भरून घ्या, आईचा आहे तसा ठेवा.

निरुत्तर:

हे भावाला पाठवतो. धन्यवाद दोघांनाही.

भटकभवानी:

मला वाटतं टाक्यांवर पोट चालवणं ही नवी गोष्ट असल्यासारखं आपण बोलतोय. लंडनमधलं रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्क १८७२ मध्ये सुरू झालं, त्याचा एक हेतूच हा होता की शिकलेल्या पण हलाखीतल्या बायकांना अब्रूने चार पैसे मिळावेत. २०११ मधल्या ब्रिटिश राजघराण्यातल्या लग्नाच्या पोशाखावरची लेस त्यांनीच बसवली. तेव्हा काम करणाऱ्या दर अर्ध्या तासाने हात धुवायच्या आणि दर तीन तासांनी सुई बदलायच्या. मी एकच सुई नेढं काळं पडेपर्यंत वापरते, ते वाचून लाज वाटली.

आणि अवांतर: १९१२ चं नोबेल मिळवणाऱ्या अलेक्सी कारेल या शल्यविशारदाने रक्तवाहिन्या शिवण्यासाठी ल्यों शहरातल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडून धडे घेतले होते. करिअर बदलायचंच तर इतकं बदला!

आता मुद्द्याचं. लूज एंड्स नावाचा एक उपक्रम आहे, २०२२ मध्ये सुरू झालेला. गेलेल्या माणसाचं अर्धवट विणकाम-भरतकाम स्वयंसेवक विनामूल्य पुरं करून देतात. हे फुकट होत असेल तर तुम्हाला पैसे कोण देतं? खोचक नाही, खरंच विचारतेय.

उलटीबाजू:

भवानी, रास्त प्रश्न. फार छान उपक्रम आहे, आणि ज्याला परवडत नाही त्याला मी स्वतःच तिकडे पाठवते. माझ्याकडे येणारी बरीच कामं पुरी करण्याची नसतातच, दुरुस्तीची असतात: झिजलेली घडी, उंदराने कुरतडलेला कोपरा, तुटलेली जरी. शिवाय तारीख, लेखी नोंद आणि कापडाची जबाबदारी हवी असणारी माणसं पैसे देतात. संग्राहक, जुनी वस्त्रं विकणारे, नाटकांच्या पोशाखांचं काम करणारे.

पैशांचं विचारलंच आहे तर तेही सांगते. अंदाज डोळ्याने द्यायचा नाही. त्याच जातीच्या कापडावर, त्याच टाक्यात, एक चौरस इंच घड्याळ लावून भरायचा. मग उरलेला भाग कागदावर आखून इंच मोजायचे. त्या वेळेत निम्मा वेळ आणखी मिळवायचा, कारण नमुना भरताना हात ताजा असतो आणि रंग एकच असतो. पाठ वाचणं, फोटो, रंग जुळवणं यांचे पैसे वेगळे लावायचे, काम हाती घेतलं नाही तरी. आपल्याकडच्या बायका नेमके हेच तास मोजत नाहीत.

पदरमोड:

पुरुष आहे, रफू करतो, वडिलांकडून शिकलो. उलटीबाजूंचं वाचून बरं वाटलं कारण आमचं कामच दिसू नये म्हणून असतं. एक युक्ती देतो. भरतकामाखालचं कापडच विरलं असेल तर बाहेरचा दोरा आणू नका. त्याच कापडाच्या दुमडीतून किंवा शिवणीच्या आतल्या जास्तीच्या पट्टीतून ताणा आणि बाणा दोन्हींचे धागे काढा, आणि मूळ विणीप्रमाणे एक वर एक खाली असे विणा. जाडी, रंग, जुनेपणा तिन्ही आपोआप जुळतात. कडेला टाके एका सरळ रेषेत संपवू नका, पुढेमागे ठेवा, नाहीतर तिथेच पुन्हा फाटतं. वरचं भरतकाम त्यानंतर.

उलटीबाजू:

पदरमोडदादा, दुमडीतल्या धाग्याबद्दल साष्टांग नमस्कार. पुढेमागे टाके संपवण्याचं कारण आज कळलं.

अबोली७:

अजून एक. नक्षीची रेघ पुसली गेली असेल तर पुन्हा कशी काढता? मी ते इस्त्रीने उडणारं पेन वापरते.

उलटीबाजू:

जुन्या कापडावर ते नको गं. ती शाई उष्णतेने दिसेनाशी होते, जात नाही. कडाक्याच्या थंडीत पुन्हा उमटते, आणि तुझं पार्सल कुठल्या हवेतून जाईल सांगता येत नाही. पाण्याने जाणारं निळं पेनही धुता येईल अशाच कापडावर, आणि धुण्याआधी त्यावर इस्त्री फिरवायची नाही, डाग बसतो. मी पातळ टिश्यू कागदावर नक्षी उतरवते, कागद कापडावर ठेवून रेघेवरून कच्चा धावदोरा घालते आणि मग कागद फाडून काढते. वेळ जातो, पण कापडावर शाई येत नाही. कच्चा दोरा भरता भरता उसवायचा.

जुना खांब:

बहिणीला हा धागा वाचायला दिला. ती म्हणते, चौरस इंच घड्याळ लावून मोजायचं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. बाकी काही बोलली नाही, पण माळ्यावरची पेटी काढून बसली आहे. त्यात एक क्रोशाचा रुमाल आहे, मध्ये सुई तशीच अडकलेली, गंज धरलेली. ती ओढून काढायची का?

उलटीबाजू:

ओढू नका! क्रोशाची सुई असेल तर ज्या साखळीत अडकली आहे ती साखळी बाजूने हळूच सैल करायची. धागा गंजाला चिकटला असेल तर तेवढा एक फेरा सोडून द्यायचा, क्रोशा उलट दिशेने सुटतो. गंजाचा डाग घरी ॲसिड किंवा ब्लीच लावून काढू नका, धागाच जाईल. आणि ताईंना म्हणावं फोटो टाका, दोन्ही बाजूंचे.

टीपकागद:

फोटोत मोजपट्टी ठेवा, आणि फ्लॅश बंद.

आरीवाली:

अबोली, डिजिटायझिंगवर वेगळा धागा काढते, इथे फाटे नकोत. खांबकाका, रुमालाचा फोटो मात्र इथेच टाका.